नदीच्या तळाचा पुरावा



आजच्या व्याख्यानाचा विषय एका प्रश्नापुरता आहे. नद्यांमध्ये सापडणारे सूक्ष्म प्लॅस्टिक, म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान कण, तुकडे आणि तंतू, येतात कोठून? उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असे आपण धरून चालतो. पुलावरून खाली पाहिले की काठच्या बाभळींना अडकलेल्या पिशव्या, तरंगत्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या दिसतात. उन्हाने त्या ठिसूळ होतात, तुटतात, त्यांचा चुरा पाण्यात मिसळतो. तेव्हा कचरा आवरला की कण आपोआप आवरतील, असा हा हिशेब आहे. तो खोटा नाही, पण त्यात एक मोठी रक्कम मांडायची राहून गेली आहे. माझे म्हणणे असे की, या कणांचा उगम शोधताना फेकलेल्या वस्तूंच्या आधी वापरातल्या वस्तूंकडे पाहायला हवे आणि उकिरड्याच्या आधी गटाराकडे. अंगावरचे कापड, रस्त्यावर घासणारे टायर, शेतात अंथरलेला मल्चिंग पेपर, कारखान्यातला दाणा यांपैकी कशालाच आपण कचरा म्हणत नाही. तरीही ते रोज झिजते किंवा सांडते, आणि ती झीज पाण्याबरोबर नदीत उतरते. हे म्हणणे पुराव्याच्या कसोटीवर किती टिकते ते आपण पाहू, आणि त्यावर जे आक्षेप येतात त्यांचाही विचार करू.

मायक्रोप्लॅस्टिक हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो २००४ नंतर. त्या वर्षी प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. ब्रिटनच्या किनाऱ्यावरचा गाळ त्यांनी तपासलाच, शिवाय जहाजांमागे ओढल्या जाणाऱ्या यंत्रांनी १९६० च्या दशकापासून जमवून ठेवलेले प्लवकांचे नमुनेही पुन्हा पाहिले. त्या जुन्या नमुन्यांतही प्लॅस्टिकचे तंतू निघाले, आणि काळ पुढे सरकला तसे ते वाढत गेलेले दिसले. पुढची दहा-बारा वर्षे संशोधकांचे बहुतेक लक्ष समुद्राकडे राहिले. नदीला स्थान होते ते समुद्रापर्यंत प्लॅस्टिक पोहोचवणाऱ्या वाहिनीचे. २०१७ मध्ये जर्मन संशोधकांच्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला की नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी ८८ ते ९५ टक्के अवघ्या दहा नद्यांतून जाते. हा आकडा जगभर गाजला. २०२१ मध्ये दुसऱ्या, अधिक बारकाईने केलेल्या अभ्यासाने चित्र पालटले. ८० टक्के वाटा उचलायला एक हजारांहून अधिक नद्या लागतात, आणि त्यांत शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा भार मोठा आहे, असे त्याने दाखवले. आपली उल्हास नदी त्या यादीत पहिल्या पाचांत आहे.

उल्हासच्या नावाने आपण अस्वस्थ व्हावे हे योग्यच. परंतु हा आकडा कशाचा आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. तो नदीत उतरून केलेल्या मोजणीचा नाही. एखाद्या खोऱ्यात किती कचरा उघड्यावर पडतो, तो नदीपासून किती दूर पडतो, पाऊस किती, वारा किती, उतार किती, यावरून केलेले ते गणित आहे. म्हणजे एकाच वाटेचा, उघड्यावरच्या कचऱ्याच्या वाटेचा, तो अंदाज आहे. मोरीतून गेलेले कपड्यांचे पाणी आणि रस्त्यावरून वाहिलेली टायरची काळी भुकटी या गणितात येतच नाही. गणित करणाऱ्यांनी तसा दावाही केलेला नाही. आपण वाचकांनी मात्र एका वाटेचा आकडा साऱ्या वाटांचा समजून घेतला. नदीतल्या कणांविषयीची आपली बरीचशी समजूत अशीच, एका बाजूच्या आकड्यांवर उभी आहे.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मिळाला तो नदीच्या तळात, मँचेस्टरच्या परिसरात. आपल्याकडे इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणण्याची पद्धत आहे, तेव्हा त्या मूळ मँचेस्टरच्या नद्यांची कहाणी आपण लक्ष देऊन ऐकावी असे मला वाटते. पेनाइन डोंगररांगेतून टेम नावाची एक लहान नदी उतरते. शहराच्या पूर्वेने वाहत ती स्टॉकपोर्ट येथे गॉइट नदीला मिळते, आणि तेथून पुढे त्या प्रवाहाला मर्सी म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठातील रेचल हर्ली, जेमी वुडवर्ड आणि जेम्स रॉथवेल यांनी या खोऱ्यातल्या ४० ठिकाणी तळाचा गाळ काढून तपासला. एकही ठिकाण स्वच्छ निघाले नाही. डेंटन या ठिकाणी टेमच्या तळात दर चौरस मीटरला सुमारे ५ लाख १७ हजार कण सापडले, आणि त्या वेळी जगात कोठेही नदीच्या किंवा समुद्राच्या तळात एवढी दाट नोंद झालेली नव्हती. २०१५-१६ च्या हिवाळ्यात त्या भागात मोठे पूर आले. पूर ओसरल्यावर संशोधक पुन्हा त्याच ठिकाणी गेले, तेव्हा तळातले सुमारे ७० टक्के सूक्ष्म प्लॅस्टिक वाहून गेलेले होते. कणांच्या संख्येत ते सुमारे ४३ अब्ज भरते. सात ठिकाणी तर तळ पूर्णपणे धुऊन निघाला होता. २०१८ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या शोधाचे पहिले महत्त्व उघड आहे. नदी ही नुसती वाहिनी नाही, ती साठाही करते. पुरांच्या मधल्या काळात कण तळात बसतात आणि पुरात निघून जातात. पण दुसरे महत्त्व अधिक खोल आहे, आणि त्यासाठी थोडा विचार करावा लागतो. इंग्लंडमध्ये मैलापाणी आणि पावसाचे पाणी पुष्कळ ठिकाणी एकाच गटारातून जाते. अतिवृष्टीत गटारे तुंबून घरांत पाणी शिरू नये म्हणून त्या वेळी न शुद्ध केलेले पाणी नदीत सोडण्याची मुभा आहे. तेव्हा कोणी म्हणेल की तळातले कण या पावसाळी विसर्गातून आले असतील, नाइलाजाने आले असतील. वुडवर्ड आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’त याच शक्यतेला उत्तर दिले. जोराच्या पावसात नदी फुगलेली असते, पाण्याला वेग असतो. त्या वेळी पडलेला कण तळात बसणार नाही, तो खाली निघून जाईल. तळात दाट थर सापडायचा असेल तर कण संथ पाण्यात, म्हणजे कोरड्या हवामानात, पडलेले असले पाहिजेत. आणि टेममध्ये हा थर सांडपाणी सोडण्याच्या जागांखाली अचानक दाट झालेला दिसत होता. तेव्हा नदी मंद वाहत असताना, पावसाचे निमित्त नसताना, न शुद्ध केलेले पाणी तीत सोडले जात होते, हा निष्कर्ष टाळता येत नाही. कण कोणाच्या कपड्यांतून निघाला हे तळ सांगत नाही. तो कोणत्या दाराने आणि कोणत्या ऋतूत आला एवढे मात्र तळ स्पष्ट सांगतो.

आता हेच तर्कशास्त्र आपल्या नद्यांना लावून पाहू. इंग्लंडमध्ये पाऊस वर्षभर विखुरलेला असतो, आपल्याकडे तो चार महिन्यांत पडून जातो. दिवाळीपासून मृगापर्यंत आपल्या बहुतेक नद्यांचा प्रवाह क्षीण असतो, आणि वरच्या अंगाला धरण असेल तर तोही अडवलेला असतो. खडकवासल्याच्या खाली पुणे शहरात उन्हाळ्यात मुठेच्या पात्रात जे वाहते त्यात नाल्यांचा आणि मैलाशुद्धीकरण केंद्रांतून सुटलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. टेमच्या बाबतीत जो अपवाद म्हणून शोधून काढावा लागला, तो संथ पाण्यात सांडपाणी मिसळण्याचा प्रकार, आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने चालणारा नित्यक्रम आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या नागरी भागांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष शुद्ध होत होते केवळ २०,२३५ दशलक्ष लिटर. याच मंडळाने २०२२ मध्ये देशातले जे ३११ प्रदूषित नदीपट्टे निश्चित केले त्यांत सर्वाधिक ५५ महाराष्ट्रात होते. हे पट्टे जैविक प्रदूषणावरून ठरवलेले आहेत, प्लॅस्टिकवरून नव्हे. पण जे गटार मैला आणते तेच तंतूही आणते, त्यामुळे नकाशा फारसा वेगळा निघण्याचे कारण नाही.

मँचेस्टरच्या कहाणीत दिलासा देणारा एक भाग आहे. पूर आला आणि तळ धुऊन निघाला. आपल्याकडेही पूर येतात आणि टेमच्या पुरांपेक्षा कितीतरी मोठे येतात, मग चिंता कशाची, असे कोणी विचारील. येथे आपल्या नद्यांचा भूगोल आडवा येतो. टेमचे पाणी मर्सीवाटे थोड्याच अंतरावर समुद्राला मिळते. मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि भीमा पुढे उजनीच्या भिंतीला जाऊन थांबते. ११७ टीएमसी साठवण असलेल्या या जलाशयात पाण्याचा वेग जवळजवळ संपतो, आणि वेग संपला की पाण्याने आणलेले जड ते सारे खाली बसते. पॉलिस्टरची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट आहे, नायलॉनही पाण्यापेक्षा जड, टायरची भुकटीही जड. पुराने मुठेचा तळ धुतला तरी तो माल उजनीत उतरणार. जे त्यातून निसटेल त्याच्या वाटेवर भीमा कृष्णेला मिळाल्यानंतर जुराळा, श्रीशैलम आणि नागार्जुनसागर आहेत. सह्याद्रीच्या पूर्वेला वाहणाऱ्या आपल्या नद्यांना समुद्र फार लांब आहे आणि धरणे फार जवळ आहेत. पश्चिमेला उल्हाससारख्या नद्या लवकर खाडीला मिळतात, पण तेथेही भरती-ओहोटीचे पाणी आणि कांदळवनाचा चिखल गाळ धरून ठेवतो. पुरामुळे आपल्याला मिळते ते या प्रदूषणाचे स्थलांतर. त्याला शुद्धी म्हणता येणार नाही. उजनीचेच पाणी पुढे सोलापूर पिते आणि त्यावरच उसाचे मळे भिजतात.

तंतूंचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा, कारण संख्येने ते सर्वांत पुढे आहेत. आज जगात तयार होणाऱ्या एकूण वस्त्रतंतूंपैकी निम्म्याहून अधिक पॉलिस्टर आहे. टेरिकॉटचे गणवेश, सिंथेटिक साड्या, जॉर्जेट, लेगिंग, खेळाचे टी-शर्ट, थंडीतली ॲक्रिलिकची स्वेटरे, बारशापासून बाराव्यापर्यंत दिली जाणारी ब्लँकेटे आणि शाली, हे सारे धुताना झडते. प्लिमथच्याच इमोजेन नॅपर आणि थॉम्पसन यांनी २०१६ मध्ये प्रयोगावरून अंदाज काढला, तो असा की यंत्रात सहा किलो ॲक्रिलिक कपडे एकदा धुतले तर सात लाखांहून अधिक तंतू सुटतात. पॉलिस्टरचे सुमारे पाच लाख सुटतात, पॉलिस्टर-सुती मिश्रणाचे त्याहून बरेच कमी. हाताने धुताना हे प्रमाण पुष्कळ घटते असे नंतरच्या प्रयोगांत दिसले, आणि आपल्याकडे अजून पुष्कळ धुणे हातानेच होते ही जमेची बाजू. परंतु घाटावरचे धुणे थेट नदीतच होते, मध्ये गाळणारे काही नसते, आणि गावोगाव वॉशिंग मशीन पोहोचत आहे. कापड अंगावर येण्याआधीच्या पायऱ्याही सोडून चालणार नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर सुती सुताच्या जोडीला पॉलिस्टर आणि मिश्र सूत चालते. विणताना उडणारा भुका, रंगाई आणि प्रक्रियेत कापडाला होणारी घासाघीस यांचे पाणी कामवारी, मोसम-गिरणा, पंचगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतच वाहते.

हा मुद्दा श्रीमंत देशांचा आहे, आपल्याकडे मात्र पिशव्याच मुख्य आहेत, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्याला गंगेने उत्तर दिले आहे. २०१९ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मोहिमेत गंगेच्या वाटेवरच्या दहा ठिकाणी, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, पाण्याचे १२० नमुने घेतले गेले. सुमारे ७२ टक्के नमुन्यांत सूक्ष्म कण होते, आणि त्या कणांपैकी ९१ टक्के तंतू होते. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना मिळून बंगालच्या उपसागरात रोज १ ते ३ अब्ज कण नेत असाव्यात असा त्यावरून अंदाज करण्यात आला. पिशव्यांचा चुरा हाच मुख्य उगम असता तर तेथे पातळ पापुद्रे आणि तुकडे अधिक दिसायला हवे होते. या पुराव्यावर दोन रास्त शंका निघतात. पहिली अशी की त्या तंतूंत ५४ टक्के रेयॉन होते. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होते, त्याला प्लॅस्टिक म्हणावे का यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ही शंका मला मान्य आहे. रेयॉन पूर्णपणे वगळले तरी ॲक्रिलिकचे २४ टक्के उरतात, आणि मुख्य म्हणजे वाट तीच सिद्ध होते. कापडातून सुटलेला तंतू नदीत पोहोचतो, हे रेयॉनही तितक्याच खात्रीने सांगते. दुसरी शंका अधिक वजनदार आहे. हजार तंतूंचे वजन एका पिशवीच्या तुकड्याएवढेही भरत नाही, मग संख्येवरून महत्त्व का ठरवावे? वजनाने पाहिले तर कचऱ्याचा चुरा पुढे येऊ शकतो, हे खरे. पण जीवसृष्टीशी गाठ पडते ती कणांची. मासा किंवा शिंपला कण गिळतो तेव्हा त्याच्या पोटात टन मोजले जात नाहीत. समुद्रात किती वस्तुमान जाते हा प्रश्न असेल तेव्हा वजन मोजावे, नदीतला जीव किती वेळा प्लॅस्टिकला सामोरा जातो हा प्रश्न असेल तेव्हा संख्या. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तंतू हवेतूनही पडतात, पॅरिसमध्ये छतांवर गोळा केलेल्या धुळीत ते मोजले गेले आहेत. पण हवेतून पडणारे तंतू सगळ्या पात्रावर सारखे पसरतील. टेममध्ये दिसला तसा सांडपाण्याच्या तोंडाखालचा दाट थर त्यांनी होणार नाही.

यावर सोपा उपाय सुचतो तो मैलाशुद्धीकरण केंद्रांचा. ग्लासगोजवळच्या एका मोठ्या केंद्राची २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली तपासणी येथे फार उपयोगी आहे. त्या केंद्रात येणाऱ्या सूक्ष्म प्लॅस्टिकपैकी ९८ टक्क्यांहून अधिक अडवले जात होते, आणि तरीही रोज सुमारे ६ कोटी ५० लाख कण क्लाइड नदीत जात होते. या एका वाक्याचे दोन अर्धे लोक वेगवेगळे वापरतात. एक बाजू पहिला अर्धा सांगून निश्चिंत होते, दुसरी बाजू दुसरा अर्धा सांगून शुद्धीकरणच व्यर्थ ठरवते. माझ्या मते ९८ टक्के ही फार मोठी गोष्ट आहे. ज्या देशात दोन तृतीयांशांहून अधिक नागरी सांडपाणी शुद्ध होतच नाही, तेथे या एका कामाइतका परिणाम करणारे दुसरे काम नाही. पुण्यात जपानच्या जायका या संस्थेच्या साहाय्याने ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची ११ केंद्रे उभारण्याचा जो प्रकल्प आहे, तो दुर्गंधीसाठी आणि रोगराईसाठी जेवढा हवा तेवढाच या कणांसाठीही हवा. मात्र अडवलेले ९८ टक्के नष्ट होत नाहीत, ते केंद्रातल्या गाळात बसतात. तो गाळ वाळवून खत म्हणून शेतात टाकला, तर युरोपातल्या संशोधकांनी दाखवले तसे शेतच प्लॅस्टिकचे कोठार होते, आणि वळवाच्या पहिल्या पावसात त्यातले काही परत ओढ्याला लागते. तेव्हा केंद्राची निविदा काढतानाच गाळाचे काय करणार याचे उत्तर लिहिलेले असले पाहिजे.

टायरची गोष्ट थोडक्यात सांगतो. थोडक्यात अशासाठी की ती सर्वांत कमी मोजली गेली आहे. टायरच्या कणांत काजळी असते, ती अवरक्त किरण शोषून घेते, त्यामुळे कण ओळखण्याच्या नेहमीच्या यंत्राला ते धड दिसत नाहीत. २०१७ च्या एका डच अभ्यासाने टायरच्या झिजेचा हिशेब केला. जगात दरडोई वर्षाला सरासरी ०.८१ किलो, भारतात सुमारे ०.२३ किलो. दरडोई आपण तळाशी असलो तरी एकूण झीज तीन लाख टनांच्या आसपास जाते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की ओढ्यांत परतणारे कोहो सामन मासे मरत. ते का मरतात, या अनेक वर्षांच्या कोड्याचे उत्तर २०२० च्या अखेरीस मिळाले. टायर टिकाऊ व्हावे म्हणून घातलेल्या एका रसायनापासून बनणारा पदार्थ त्यांना मारत होता. टायरचा हा अंश पहिल्या पावसात रस्त्यावरून पावसाळी गटारात जातो, आणि पावसाळी गटारांना शुद्धीकरण केंद्र नसते, ती सरळ नाल्यात उघडतात. सौंदर्यप्रसाधनांतल्या मण्यांची चर्चा याच्या कितीतरी पट झाली. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि ब्रिटनने २०१८ मध्ये त्यांवर बंदी आणली, ते योग्यच झाले. पण आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१७ च्या अंदाजानुसार कणरूपातच समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये त्या मण्यांचा वाटा २ टक्के, कापडाचा ३५ आणि टायरचा २८.

शेतीचा मुद्दा मांडताना मला संकोच वाटतो, कारण ज्या शेतकऱ्याने पाणी वाचवण्यासाठी प्लॅस्टिक स्वीकारले त्यालाच पुन्हा दोष दिल्यासारखे होते. तसा हेतू नाही. टोमॅटो, मिरची, कलिंगडाच्या वाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरल्याने ओल टिकते, तण कमी होते, खुरपणीचा खर्च वाचतो. ठिबकच्या नळ्या आणि शेततळ्याचे अस्तर नसते तर अवर्षणग्रस्त तालुक्यांतल्या कित्येक बागा उभ्याच राहिल्या नसत्या. प्रश्न पेपरच्या जाडीचा आहे. २५-३० मायक्रॉनचा पेपर एका हंगामात उन्हाने इतका जीर्ण होतो की काढताना हातात चिंध्या येतात, उरलेल्या नांगरटीत मातीत जातात आणि पुढच्या पावसात मातीबरोबर ओढ्याला लागतात. चीनने अनेक दशके अतिशय पातळ पेपर वापरला, आणि जमिनीत साचलेल्या तुकड्यांनी उत्पादनावर परिणाम होऊ लागल्यावर २०१८ पासून किमान जाडीची अट ८ वरून १० मायक्रॉनवर नेली. जो पेपर अखंड निघतो तोच परत गोळा होऊ शकतो. अनुदान देताना जाडीची अट आणि परत घेण्याची व्यवस्था घातली, तर त्याचा भार शेतकऱ्यावर न पडता पेपर विकणाऱ्यावर पडेल.

कारखान्यांकडे वळू. प्लॅस्टिकचा कच्चा माल, ज्याला धंद्यात दाणा म्हणतात, तो मसुराएवढा असतो आणि पोती भरताना, उतरवताना, झाडताना सांडतो. व्हिएन्नाच्या खाली डॅन्यूब नदीत २०१० ते २०१२ या काळात ऑस्ट्रियन संशोधकांनी जाळी लावली, तेव्हा सापडलेल्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ७९ टक्के हा औद्योगिक कच्चा माल निघाला. त्या पट्ट्यात माशांच्या पिलांपेक्षा प्लॅस्टिकचे कण अधिक होते. आपण कचऱ्यावरचा उपाय म्हणून ज्या पुनर्प्रक्रियेकडे पाहतो, तिच्यातही गळती आहे. भंगार प्लॅस्टिक धुतात, दळतात, वितळवतात आणि पुन्हा दाणा करतात. ब्रिटनमधल्या एका नव्या कारखान्याच्या धुण्याच्या पाण्याची तपासणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. गाळणी बसवल्यानंतरही आलेल्या प्लॅस्टिकपैकी सुमारे ६ टक्के सूक्ष्म कणांच्या रूपाने पाण्यात जात असावे असा अंदाज निघाला. धारावीत आणि मालेगावात हेच काम हजारो माणसे तुटपुंज्या साधनांनी करतात, आणि शहरांवर त्यांचे उपकार आहेत. त्यांच्या दळणयंत्रांना गाळणीची आणि गाळ साठवण्याच्या टाकीची सोय सार्वजनिक पैशातून झाली पाहिजे, कारण त्यांनी उचललेला माल आपला होता.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग पिशव्यांवरची बंदी निरर्थक होती का? मुळीच नाही. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये आणि देशाने १ जुलै २०२२ पासून काही एकदा वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली. नाले तुंबणे, जनावरांच्या पोटात पिशव्या जाणे, किनारे विद्रूप होणे, यांसाठी ती हवीच आणि अधिक कडकपणे पाळली जायला हवी. काठावर आज पडलेली पिशवी म्हणजे उद्याचे कणच, हेही खरे. माझा आक्षेप आहे तो या बंदीला नदीच्या सूक्ष्म प्लॅस्टिकचे उत्तर मानण्याला. बंदीच्या यादीतली एकही वस्तू साडीतून झडत नाही, टायरमधून घासत नाही. आणि कचऱ्याला एकमेव उगम मानले की दोष आपसूक फेकणाऱ्या माणसाकडे जातो. मग विणणारा, टायर बनवणारा, पेपर विकणारा, गटार बांधायचे राहून गेलेली नगरपालिका, यांच्याकडे कोणी पाहत नाही. दुसरा आक्षेप असा की या कणांनी माणसाला काय होते ते अजून पुरते ठरलेले नाही, मग गरीब देशाने यावर पैसा का खर्चावा? मी सांगितलेल्या उपायांपैकी सर्वांत मोठा, सांडपाणी शुद्ध करण्याचा, पटकी, कावीळ आणि दुर्गंधी यांच्यासाठीच करायचा आहे. तंतू त्याच खर्चात अडतात. उरलेले उपाय धोरणाचे आहेत. फ्रान्सने २०२० च्या कायद्यात नव्या वॉशिंग मशीनना तंतू अडवणारी गाळणी लावण्याची तरतूद केली, युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात शुद्धीकरण केंद्रांत सूक्ष्म प्लॅस्टिक मोजणे बंधनकारक केले. भारतात वॉशिंग मशीनची बाजारपेठ अजून वाढायची आहे. गाळणीची अट आत्ता घातली तर ती स्वस्तात पडेल, दहा कोटी यंत्रे विकली गेल्यावर ती घालता येणार नाही.

या सगळ्याची सुरुवात मोजणीपासून व्हावी आणि ती तळाची मोजणी असावी. पाण्याचा नमुना त्या क्षणाची गोष्ट सांगतो, तळ सगळ्या उन्हाळ्याची सांगतो. दरवर्षी दोनदा, मेच्या अखेरीस आणि पाऊस सरल्यावर नोव्हेंबरात, ठरलेल्या त्याच जागी गाळ काढावा. मुठेवर खडकवासल्याच्या खाली आणि शहर संपल्यावर, भीमेवर उजनीच्या फुगवट्यात, पंचगंगेवर इचलकरंजीच्या वर आणि खाली, उल्हासवर बदलापूर आणि कल्याण येथे. प्रत्येक जागेच्या वरच्या अंगाला कोणता नाला मिळतो, कोणत्या केंद्राचे पाणी सुटते, कोणती वसाहत आहे, याची नोंद सोबत ठेवावी. गाळ वाळवणे, मिठाच्या दाट द्रावणात हलके कण वर आणणे, सूक्ष्मदर्शकाखाली तंतू आणि तुकडे वेगळे करणे हे काम पदवीच्या वर्गांना जमण्यासारखे आहे. पॉलिस्टरसारख्या जड तंतूंसाठी अधिक दाट द्रावण लागते, तेही महाग नाही. पदार्थाची रासायनिक ओळख तेवढी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांकडे सोपवावी. चार-पाच वर्षांच्या अशा नोंदी जमल्या की कोणत्या नाल्याच्या तोंडाखाली थर दाट होतो, पुराने तो किती हलतो आणि उजनीत किती उतरतो हे ठिकाणानिशी सांगता येईल. नगरपालिकेच्या पुढच्या अंदाजपत्रकात कोणत्या नाल्याला प्रथम हात घालायचा, हेही त्यावरूनच ठरवता येईल.